पहिलं तेल

“बाबा, ही गाडी आपण चालवायला घेतली की बघायला?”

प्रश्न तिचा नव्हता. आदल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उंटीण आणि चष्मा या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी पैज लावली होती, की हे तुझ्या बाबांना तोंडावर विचारून दाखव. विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू. तिला त्यात अवघड असं काहीच वाटलं नाही. दोन महिन्यांपूर्वी वक्तृत्वस्पर्धेत ऐन वेळी माईक बंद पडला होता आणि ती सहाशे मुलींपुढे बिनमाईकची सात मिनिटं खणखणीत बोलली होती. तेव्हापासून तिचं नाव ‘भोंगा’ पडलं होतं आणि जगात विचारू नये असं तिच्या लेखी काही उरलंच नव्हतं. मुख्याध्यापिकाबाईंना तिने विचारलं होतं, की शिक्षकांच्या खोलीतला पंखा फिरतो आणि आमच्या वर्गातला नुसता लटकतो, असं का? पंखा तिसऱ्या दिवशी फिरायला लागला. मग बाबा काय, बाबा तर घरचेच. शिवाय प्रश्नात खोटं काय होतं? गाडी दारात येऊन साडेअकरा महिने झाले होते आणि एवढ्या दिवसांत ती गेली कुठे, तर घर ते शाळा, शाळा ते घर. जेमतेम दीड किलोमीटर. बाबा तिला सोडायचे, गाडी परत आणून इमारतीखाली दोन खांबांच्या मधे लावायचे, बॉनेटवर तळहात ठेवून ताप बघितल्यासारखे जरा वेळ उभे राहायचे, आणि मग कोपऱ्यावर जाऊन कंपनीची बस पकडायचे. गाडीचा वेग असा, की एकदा सायकलवरचे पोस्टमन त्यांना हात करून पुढे निघून गेले होते. उंटीण म्हणाली होती, “तुमच्या गाडीला पाय असते ना, तर ती वैतागून स्वतःच चालत गेली असती.”

बाबा तेव्हा फडक्याने समोरची काच पुसत होते. प्रश्न कानावर पडला आणि हात काचेवर जिथे होता तिथेच थांबला. ती उत्तराची वाट बघत होती, कारण बाबांकडे उत्तर नाही असं कधी होत नसे. जशास तसं, वर आणखी एक चिमटा, हे त्यांचं ठरलेलं. पण त्यांनी फडक्याची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली, आणि म्हणाले, “बस आत. उशीर होतोय.” शाळेपर्यंत त्यांनी गाडी नेहमीपेक्षाही सावकाश नेली. फाटकाशी दोघी टपून उभ्या होत्या. “काय म्हणाले, काय म्हणाले?” तिने केस मागे उडवले आणि सांगितलं, “हसले! खो खो हसले.” दप्तर उंटिणीच्या खांद्यावर गेलं, आणि मोकळ्या हातांनी जिना चढताना तिला एकदम जाणवलं, की आपण खोटं बोललो, तेही कुणी न विचारता, उगाच. पहिला तास इतिहासाचा होता. बाई कुठल्याशा तहाची कलमं सांगत होत्या आणि हिच्या डोळ्यांपुढे ते फडकं होतं. दोन घड्या, चार घड्या. बाबा कोपऱ्याला कोपरा जुळवूनच घडी घालतात, मग ते पंचवीस वर्षं वापरलेलं फडकं का असेना. तो माणूसच तसा. ते टर्नर होते, लेथवर काम करायचे. लोखंडाचा गोल दांडा फिरत राहतो आणि त्याच्यावरून हत्यार असं हलक्या हाताने न्यायचं, की केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढासुद्धा फरक राहू नये. ती सात वर्षांची असताना एका शनिवारी ते तिला वर्कशॉपमध्ये घेऊन गेले होते. आतला आवाज आधी पोटात शिरला आणि मग कानात. लेथवरून लोखंडाच्या निळसर सुरळ्या निघत होत्या, पेन्सिलीला टोक काढताना निघतात तशा, आणि त्यांच्यावर दुधासारखं पांढरं पाणी सारखं पडत होतं. तेवढ्यात सुपरवायझर आले आणि अदबीने, हो, अदबीनेच म्हणाले, “मास्तर, जरा पलीकडच्या मशीनचं तेल बघता का?” बाबांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, डोळे मिटले आणि वास घेतला. अख्खं वर्कशॉप त्या एका नाकाकडे बघत होतं. मग ते म्हणाले, “अजून एक आठवडा जाईल. सोमवारी नाही, पुढच्या सोमवारी बदला.” आणि सुपरवायझरांनी वहीत तसं लिहून घेतलं. वहीत! घरी येताना तिने विचारलं होतं, “बाबा, वासावरून तारीख कळते?” ते म्हणाले होते, “तारीख भिंतीवर असते गं. तेल स्वतःच सांगतं, आपण फक्त ऐकायचं.” त्यानंतर कितीतरी दिवस ती खोडरबराचा, पाटीचा, आईच्या ओल्या केसांचा वास डोळे मिटून घ्यायची आणि गंभीर चेहऱ्याने जाहीर करायची, की अजून एक आठवडा जाईल.

गाडीवरून प्रश्न विचारला त्याच दिवशी संध्याकाळी जेवताना आईच्या फोनवर निरोप आला. गाडीला वर्ष होत आले आहे, पहिले तेल बदलण्याची वेळ झाली आहे, कृपया दिवस कळवावा. आईने तो मोठ्याने वाचला. बाबा म्हणाले, “सहाशे बारा.”

“काय सहाशे बारा?”

“किलोमीटर. पुस्तकात दहा हजार लिहिलंय. सहाशे किलोमीटरमध्ये तेलाचं काय होतंय? कोरं करकरीत तेल ओतून टाकायचं?”

“पुस्तकात दहा हजार किंवा एक वर्ष लिहिलंय,” आई म्हणाली. आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती आणि छापील सूचना अर्ध्यावर सोडून देणारी माणसं तिला मुळीच आवडत नसत. “जे आधी होईल ते. ‘जे आधी होईल ते’ याच्यावर बोट ठेवून पुढे वाचता होय तुम्ही?”

“यंत्राचं तेल कॅलेंडर बघून बदलत नाहीत.”

“मग काय बघून बदलतात?”

यावर बाबांनी जे म्हणायला हवं होतं ते तिला तोंडपाठ होतं. पण ते म्हणाले नाहीत. ते एकदम तिच्याकडे वळले. “हिला ठरवू दे. एवढी मोठी झाली आहे, सहाशे जणींपुढे भाषणं ठोकते. काय गं, रविवारपर्यंत ठरव. तेल आत्ता बदलायचं की थांबायचं. तू म्हणशील तसं. मी मधे बोलणार नाही.”

तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आजवर या घरात तिने काय ठरवलं होतं? पडद्यांचा रंग, तोही दोनांतला एक. आणि आता इंजिन! तीन भाड्याची घरं, दोन जुन्या स्कूटर आणि एक सतत बंद पडणारी चौथ्या हातची गाडी एवढं पार पडल्यावर माणसाने आयुष्यात पहिल्यांदा कोरी घेतलेली वस्तू, तिच्या पोटातलं पहिलं तेल, आणि त्याचा निकाल तिच्या हातात. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने हे अशा थाटात सांगितलं, की चष्मा म्हणाली, “तू तर न्यायाधीशच झालीस. हातोडा आणू का?” पण त्या थाटाच्या खाली काहीतरी टोचत होतं. बाबांनी हे दिलं तेव्हा ते हसत नव्हते. ज्यांचं बोट बुडलं की वहीत लिहून घेतात, त्यांनी आपल्या गाडीचं तेल सोळा वर्षांच्या पोरीवर सोपवावं? आचाऱ्याने मीठ दुसऱ्याला चाखायला सांगावं, तसं काहीतरी ते होतं, आणि त्याच्यापुढे तिचा विचार सरकत नव्हता. घरी आल्यावर तिने सर्व्हिसवाल्यांना फोन लावला. पलीकडच्या बाईंचा आवाज दिवसभर बोलून घासलेला होता.

“रोज किती चालते गाडी?”

“जायला दीड, यायला दीड.”

“किलोमीटर की तास?”

“किलोमीटर.”

“बरं.” त्या बाईंनी बहुधा हसू दाबलं. “मग मीटर बघू नका, महिने बघा. इंजिन नीट तापायच्या आधीच तुम्ही बंद करता, रोज. न जळलेलं पेट्रोल आणि ओलावा तेलात उतरत राहतो. लांब पळणाऱ्या गाडीचं तेल चांगलं राहतं, पण तुमच्यासारख्या जपून ठेवलेल्या गाडीचं लवकर बिघडतं. पटत नसेल तर इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून वास घ्या. कळेल.”

म्हणजे निकाल लागलाच होता, आणि तिला आनंद व्हायला हरकत नव्हती. फक्त तो निकाल बाबांच्या विरुद्ध होता. पंचवीस वर्षं यंत्रांवर हात फिरवलेल्या माणसाला टेलिफोनवरून शिकलेली मुलगी सांगणार, की तुम्ही लाडाने नासवलंत. ते ऐकून घेतील, शब्द दिलाय म्हणून मान डोलावतील आणि पुन्हा घडीवर घडी घालतील. नको. मग तिला युक्ती सुचली. आपण सांगायचंच नाही. पट्टी त्यांनाच काढायला लावायची, वास त्यांनाच घेऊ द्यायचा. तेल त्यांना स्वतःच सांगेल. स्वतःच्या या मुत्सद्दीपणावर खूश होऊन शुक्रवारी संध्याकाळी, बाबा बसमधून उतरून येतात न येतात तोच, तिने त्यांना खांबांच्या मधे गाठलं. “मला तेल बघायला शिकवा. न बघता कसं ठरवू?” अजून चांगला उजेड होता. बाबांचा चेहरा खुलला. त्यांनी बाह्या सरसावल्या, बॉनेट उचललं आणि शिकवू लागले, आणि ती बघत राहिली. शिकवताना ते फार सुंदर दिसत. पट्टी आधी उपसायची, पुसायची, पुन्हा पुरती आत घालायची आणि मगच बघायचं, कारण पहिल्या वेळी पट्टी खोटं बोलते. उजेडाकडे तिरकी धरायची. ही वरची खूण, ही खालची. त्यांची बोटं जाड, नखांच्या कडा कायमच्या काळ्या, आणि तरी ती पट्टी त्यांनी अशी धरली होती जशी आई काचेची नळी धरते. तेलाचा एक थेंब त्यांनी बोटावर घेतला, अंगठ्यावर घासला. डोळे मिटले. वास घेतला. हुबेहूब तसंच.

“चांगलं आहे,” बाबा म्हणाले. “अगदी कोरं.”

आणि त्यांनी फडकं तिच्या हातात दिलं. ते नाकाशी न्यायचीसुद्धा गरज नव्हती. पेट्रोल. पंपावर काच खाली केली की भसकन येतो तसा वास, डोक्यात चढणारा, लपवता न येणारा. तिने तोंड उघडलं. बिनमाईकची सात मिनिटं बोललेलं तोंड ते. त्यातून काहीच बाहेर आलं नाही. बाबा म्हणाले, “काय गं?” ती म्हणाली, “काही नाही. समजलं.” ते पट्टी परत घालत होते, जपून, नीट, आणि ती त्यांच्या वाकलेल्या पाठीकडे बघत असताना गेली दोन वर्षं एकेक करून मागे वळून तिच्याकडे बघू लागली. दूध करपलं होतं त्या दिवशी बाबा ओट्यापासून चार हातांवर पेपर वाचत बसले होते. आई म्हणाली होती, नाकाला कुलूप घातलंय का, आणि ते हसले होते, जरा उशिराच. दरवर्षी शाळेची नवी पुस्तकं आली की दोघं मिळून मधलं पान उघडून त्यात नाक खुपसायचे आणि कुठल्या विषयाचा वास चांगला यावर भांडायचे. मागच्या वर्षी आणि या वर्षी त्यांनी पानं चाळली आणि “छान आहेत” म्हणून परत दिली. ही गाडी घरी आणली त्या दिवशी आत बसल्याबसल्या आई म्हणाली, “नव्या गाडीचा काय वास असतो ना!” आणि बाबा म्हणाले, “हो ना.” त्या ‘हो ना’च्या आधी एक पायरी चुकल्यासारखी जागा होती. तिने ती तेव्हा ऐकली होती आणि ऐकून सोडून दिली होती. दोन वर्षांपूर्वी बाबांना आलेला तो लांबलेला ताप. ताप गेला होता आणि जाताना बाबांचं नाक घेऊन गेला होता, आणि हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे रोज बॉनेटवर तळहात ठेवून ते उभे राहायचे ते काही लाड नव्हते. यंत्राचं दुखणं ज्याला नाकाने कळायचं त्या माणसाला आता काही जळत असलं तरी कळणार नव्हतं. म्हणून तो सायकलच्या वेगाने चालवत होता, दीड किलोमीटरच्या पलीकडे नेत नव्हता, आणि पोहोचल्यावर हाताने चाचपून बघत होता, की सगळं ठीक आहे ना. शेजारी मुलगी बसलेली असायची, म्हणून. आणि त्या मुलीने दप्तर उचलून घेण्यासाठी त्यांना विचारलं होतं, की… तिला स्वतःच्या आवाजाची पहिल्यांदाच शरम वाटली.

शनिवारी आई अर्धा दिवस काम करून घरी आली, तेव्हा ती खिडकीपाशी फडकं घेऊन बसली होती. आपल्यालाच भास झाला असेल, अशी एक शेवटची आशा तिला अजून होती. तिने लॅबमधला गाळणकागद मागितला. आई एरवी दहा प्रश्न विचारते. तिने पर्समधून एक गोल कागद काढून दिला, खाली जाऊन स्वतःच पट्टीवरचा थेंब घेऊन आली आणि कागदाच्या मधोमध सोडला. दोघी बघत बसल्या. थेंब सावकाश पसरला, मधे तपकिरी डाग राहिला आणि त्याच्याबाहेर एक पातळ, ओलसर, पारदर्शक कडं रुंदावत गेलं. “हे बाहेरचं तेल नव्हे,” आई म्हणाली. “पेट्रोल. आणि वास तर काय, घरभर झालाय.” मग कागदावरची नजर न काढता म्हणाली, “कळलं तर तुला.”

“तुला माहीत होतं?”

“दोन वर्षं झाली. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दूध आता मीच तापवते.”

“आणि कंपनीत?”

“कंपनीत अजून तेल त्यांनाच दाखवतात. घरी येऊन रात्रीचं जेवण होईपर्यंत बोलत नाहीत त्या दिवशी.” आईने कागद उचलून उजेडात धरला. “बोटाने घट्टपणा बघतात, रंग बघतात, लेथचा आवाज ऐकतात. सुरळी किती निळी झाली त्यावरून काय ते ओळखतात. दोन वर्षांत त्यांनी बनवलेला एकही भाग परत आलेला नाही, बाळा. एकही नाही. मी तर चकितच होते.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुःखाचं आहे असं तिला वाटेना. पायाखालची एक फळी काढून घेतलेल्या शिडीवर एखादा माणूस वजन घेऊन चढत-उतरत राहतो आणि खालच्यांना पत्ता लागू देत नाही, तसं काहीतरी तिने पाहिलं होतं. माईक बंद पडला तेव्हा सहाशे जणींनी टाळ्या वाजवल्या होत्या. बाबांचा माईक दोन वर्षं बंद होता. “वर्ष झालं म्हणून बदला असं सांग,” आई म्हणाली. “पुस्तकात आहेच. तेलही बदलेल आणि कुणाला लागणारही नाही.” रात्री अंथरुणावर पडताना तिने तेच पक्कं केलं होतं. किती सोपं! पण सकाळी दात घासताना तिला बाबा खाली दिसले, फडकं घेऊन, एकटेच. आज सोपं बोललं की तेल बदलेल, आणि मग पुढचं वर्ष, त्याच्या पुढचं वर्ष ते असेच तळहात ठेवून उभे राहतील, आणि आम्ही दोघी खिडकीतून बघत राहू, सगळं माहीत असलेल्या. लागू नये म्हणून सगळ्यांनी त्यांना त्या दोन खांबांच्या मधे एकटं उभं करून ठेवलं होतं. तिने चूळ भरली.

चहाच्या वेळी तिघं बसली. “काय, न्यायमूर्ती?” बाबा म्हणाले. ती बोलू लागली तेव्हा आवाज इतका लहान निघाला, की तिलाच ओळखू येईना.

“तेल उद्या बदलायचं, बाबा. वर्ष झालं म्हणून नाही. त्यात पेट्रोल उतरलंय म्हणून. मला वास आला. तुम्हाला येत नाही, हे मला कळलंय.”

बाबा टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जणू कडा किती सरळ आहे ते मोजताहेत. मग ते म्हणाले, “नुसतं पेट्रोल? की जळकट?”

“जळकट नाही.”

“नीट आठव. करपलेल्या तव्यासारखं, घशाला लागणारं काही?”

तिने डोळे मिटले. “नाही. वर पेट्रोल, खाली नुसतं कोमट, गुळगुळीत. नव्या पेन्सिलीसारखं.”

“मग आत काही बिघडलेलं नाही,” बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज मास्तरांचा झाला होता. “इंजिन ठणठणीत आहे. तापतच नाही बिचारं.” त्यांनी चहाचा घोट घेतला.

“आणखीही एक ठरवलंय,” ती म्हणाली, आणि आता आवाज पुन्हा तिचा होता, शेजारच्यांनाही ऐकू जाईल असा. “इथून पुढे वास मी घेणार. पण मला नुसता वास येतो, अर्थ लागत नाही. रबर जळतंय की क्लच, गोडसर येतंय ते कशातून, ते तुम्ही सांगायचं. आणि नवं तेल पडलं की दर रविवारी गाडी लांब न्यायची, इंजिन चांगलं तापेपर्यंत, निदान तासभर. चालवणार तुम्ही. आई मागे. मी पुढे बसणार, काच खाली करून.”